मधली छप्पन्न अक्षरं

वेल्डर : शटर पूर्ण खाली ओढ. आतून कुलूप. हां, चावी इकडे टाक. आता फोन.

भाची : फोन कशाला?

वेल्डर : त्या पाण्याच्या बादलीत टाक. त्याचाही तिथंच आहे.

भाची : टाकला. दादा, आधी त्यांचं तोंड तरी पुसू द्या. रक्त घशात जातंय.

वेल्डर : जाऊ दे. त्याचंच आहे.

मामा : तू कशाला आलीस गं बाई? का आलीस?

भाची : तुमच्या नंबरवरून फोन आला, मामांना प्रेस शॉपमध्ये लागलंय, लगेच ये. मी चपला न घालता धावत आले. मामा, तुमचे हात... हातांवर हे काय आहे?

वेल्डर : लोखंडी पट्टा. मनगटांवरून आडवा टाकला आणि दोन्ही टोकं प्रेसमध्ये पत्रा ठेवतात त्या बेडला वेल्ड केली. ओढून बघ हवं तर. माझा सांधा सुटत नाही, हे हाच सगळ्यांना कौतुकानं सांगायचा.

भाची : जिवंत माणसाच्या हातांवर वेल्डिंग केलंत तुम्ही?

वेल्डर : खाली ओलं फडकं घातलं होतं. भाजलं नाही त्याला. नुसता घाबरून बोंबलला. ते तोंडातलं रक्त मात्र हातोडीच्या दांड्याचं आहे. एक दात गेला बहुतेक.

मामा : दोन.

वेल्डर : दोन, बरं. आता नीट ऐक, ताई. त्याचे हात आहेत प्रेसच्या तोंडात. वर दोनशे टनांचा दाब आहे. माझा पाय आहे पेडलपाशी. तू किंचाळलीस, शटरकडे पळालीस, की पाय खाली. कळलं?

भाची : कळलं. वॉचमन...

वेल्डर : वॉचमनला सांगितलंय, सुट्टीचा दिवस, मामांबरोबर मशीनचं काम काढलंय. त्यानं चहा पण आणून दिला. अख्खा कारखाना या सुपरवायझरला मामा म्हणतो, त्याला कशाला शंका येतेय? तुझा मात्र हा सख्खा.

भाची : आईच्या पाठचा भाऊ. मला यांनी वाढवलंय, दादा. सहा वर्षांची होते मी. काय पाहिजे तुम्हाला? माझ्याकडून काय पाहिजे?

वेल्डर : तुझं रजिस्टर आणलंय मी तुझ्या टेबलावरून. उघड. एप्रिलचं पान. या प्रेसचं. काय लिहिलंयस?

भाची : नवीन पॅकेज चढवलं. एकेचाळीस फायली. ठसे जुळले. खाली माझी सही.

वेल्डर : चौकशीवाल्या साहेबांनी तेवढंच वाचलं. मशीनमधल्या फायली बरोबर, म्हणजे मशीन बरोबर. मशीन बरोबर, म्हणजे माझा धाकटा भाऊ चूक. पंधरा दिवसांत फाईल बंद केली त्यांनी. त्याच्या बायकोला कागद आला, मृत कामगाराने स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. तिनं तो कागद मला वाचायला दिला. निष्काळजीपणा म्हणजे काय हो भावजी, म्हणाली. तिला माहितीये गं काय ते! तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

मामा : मी तुला तेव्हाच म्हटलं होतं, साहेबांशी बोलतो, काहीतरी मदत मिळवून देतो. माझंही लेकरासारखंच होतं ते पोर...

वेल्डर : गप! लेकरासारखं म्हणालास तर उरलेले दात पण काढीन. ताई, हा काय म्हणाला चौकशीत ते तूच सांग. नाही, मीच सांगतो. या प्रेसच्या तोंडापुढं किरणांचा पडदा आहे. कुणाचा हात आत गेला, किरण तुटला, की मशीन थांबायलाच पाहिजे. पण पॅनलच्या मागं एक चावी आहे, ती फिरवली की पडदा बंद. हा म्हणाला, धाकट्यानं काम भरभर व्हावं म्हणून चावी फिरवली. चावी मला त्याच्या खिशात सापडली, हेही हाच म्हणाला.

भाची : हो, तसंच आहे अहवालात.

वेल्डर : त्याला बाहेर कुणी काढला, माहितीये तुला?

भाची : तुम्ही.

वेल्डर : मी. कारण वरचा साचा, डाय, खाली अडकली होती आणि कापायला दुसरं कुणी तयार नव्हतं. एक पत्रा आत फसला, तो काढायला तो छातीपर्यंत आत वाकला आणि पाय पेडलवर पडला. मी आलो तेव्हा डोकं... जाऊ दे. सख्ख्या भावाला मी गॅस कटरनं बाहेर काढला. पाऊण तास. मेलेला होता, तरी त्याच्या पाठीवर ओलं फडकं टाकलं होतं मी. ठिणग्यांनी भाजू नये म्हणून. वेड्यासारखं. मग त्याला जमिनीवर घेतला आणि खिसे मी रिकामे केले. माझ्या हातांनी. एक रुमाल, बसचा पास, पोरीच्या केसांची पिन. चावी नव्हती.

मामा : दुसऱ्या खिशात असेल. तू त्या अवस्थेत होतास का बघायच्या? शर्टाच्या...

वेल्डर : शर्ट कुठं उरला होता रे? कुठं उरला होता शर्ट?

भाची : दादा! दादा, पाय काढा पेडलवरून! काढा ना! मी बघते. काय बघू ते सांगा, मी बघते.

वेल्डर : ठसे परत बघ. आत्ता, माझ्यासमोर. आणि मला समजेल असं सांगत सांगत. मी सातवी पास आहे, पण आकडे वाचता येतात.

भाची : बरं. बघा, मशीनमध्ये फायली असतात. मशीननं कधी हलायचं, कधी थांबायचं, ते त्यात लिहिलेलं असतं. प्रत्येक फाईल एका गणितातून काढली की चौसष्ट अक्षरं मिळतात. शून्य ते नऊ आकडे आणि ए पासून एफ पर्यंत सहा इंग्रजी अक्षरं. त्याला हॅश म्हणतात, आम्ही ठसा म्हणतो, बोटाच्या ठशासारखा. फाईलमधलं एखादं टिंब बदललं तरी सगळा ठसा बदलतो.

वेल्डर : आणि बरोबर ठसा कुठला, ते कसं कळतं?

भाची : मशीन बनवणारी कंपनी फायलींचा गठ्ठा पाठवते, त्याला पॅकेज म्हणतात. सोबत छापील यादी येते, कुठल्या फाईलचा ठसा काय. फाईलच्या नावाला काही अर्थ नसतो, नाव कुणीही कसंही ठेवतं. ती कुठल्या गठ्ठ्यातून आली, ते फक्त ठसा सांगतो.

वेल्डर : मग सुरू कर.

भाची : पॅनल उघडते. चौकशीवाल्यांचं सील तुम्ही तोडलंत?

वेल्डर : मी तोडलं. पोलिसांनी विचारलं तर तेही सांगीन. वेळ काढू नकोस.

भाची : पडद्याची फाईल सतरा नंबरची. हा पॅनलवर तिचा ठसा, ही यादी. थांबा, माझी पट्टी कुठंय... हां, रजिस्टरमध्येच आहे. पॅनलवर, नऊ, सी, चार, ई. यादीत नऊ, सी, चार, ई. शेवटी सात, शून्य, बी, एक. यादीतही सात, शून्य, बी, एक. जुळतो, दादा. फाईल बरोबर आहे.

मामा : बघ! मी काय सांगत होतो? पोरीवर तरी विश्वास ठेव. आता सोड मला, आपण बसून बोलू. मी कुणाला काही सांगणार नाही, दातांचंसुद्धा नाही, पडलो म्हणून सांगीन...

वेल्डर : ती पुठ्ठ्याची पट्टी कसली आहे गं?

भाची : ही? ही यादीवर ठेवायची. दोन खिडक्या कापल्यात. एकीतून पहिली चार अक्षरं दिसतात, दुसरीतून शेवटची चार. ओळ चुकत नाही, डोळे शिणत नाहीत.

वेल्डर : आणि मधली?

भाची : मधली छप्पन्न... ती बघायची गरज नसते. म्हणजे, एक टिंब बदललं तरी सगळं बदलतं ना? मग पहिली चार आणि शेवटची चार जुळली की मधली जुळणारच. एकेचाळीस फायली असतात, दादा. हे पॅनल बाहेर कशाला जोडलेलं नाही, सगळं डोळ्यांनी बघावं लागतं.

वेल्डर : ताई, दोन पत्रे जोडायला घेतले की मी पहिल्यांदा दोन टोकांना टाके मारतो. हलू नयेत म्हणून. लांबून बघणाऱ्याला वाटतं, झालं जोडून. पण तो सांधा नसतो. मधलं भरल्याशिवाय मी कधी माल पुढं पाठवला नाही. आयुष्यात नाही. काढ ती पट्टी.

मामा : अरे काय उगाच त्या पोरीला... तिचं शिक्षण झालंय त्यातलं, तू तिला वेल्डिंग शिकवतोस?

वेल्डर : काढ.

भाची : काढली. पाचवं अक्षर. पॅनलवर दोन. यादीत... एफ.

वेल्डर : पुढं.

भाची : सहावं, पॅनलवर ए. यादीत आठ. सातवं, तीन आणि शून्य. आठवं... थांबा. थांबा जरा, ओळ चुकली असेल माझी. नाही. सतरा नंबरच आहे. दादा, हा जुळत नाही. मधला सगळाच वेगळा आहे.

मामा : छपाईची चूक असेल. यादी छापताना...

भाची : छप्पन्न अक्षरांची छपाईची चूक, मामा?

मामा : मग दुसऱ्या आवृत्तीची फाईल असेल. कंपनीवाले गोंधळ घालतात, तुला माहिती आहे. मागच्या वर्षी नाही का...

भाची : तेही बघते. इथल्या लॅपटॉपवर सूची आहे. कंपनीनं आजवर पाठवलेली सगळी पॅकेजेस, दोनशे बारा. हा ठसा त्यात टाकून शोधते. कुठल्याही जुन्या गठ्ठ्यातली असली तरी सापडेल... नाही. एकाही पॅकेजमध्ये नाही.

वेल्डर : म्हणजे काय?

भाची : म्हणजे ही फाईल कंपनीकडून आलीच नाही. नाव त्यांच्या फाईलचं आहे, पण हिचा मूळ गठ्ठाच नाही. ही कुणीतरी इथं बनवलीय.

वेल्डर : कुणी?

मामा : मला काय विचारतोस? माझा काय संबंध? इंजिनिअर येतात-जातात, कंपनीचे लोक येतात, मी काय प्रत्येकाच्या... नको, नको, हातोडी नको, अरे नको!

भाची : दादा! काय केलंत हे! मामा! मामा, बोट... अहो तुम्ही माणूस आहात का कोण!

वेल्डर : करंगळी आहे. अजून नऊ आहेत. तू उघड ती फाईल. कंपनीची पण उघड. आत काय फरक आहे ते वाच. रडायचं नंतर.

भाची : उघडते. उघडते. मारू नका आता. ही कंपनीची... ही आपली. दोनच ठिकाणी फरक आहे. एका ओळीत... अरे देवा.

वेल्डर : मोठ्यानं.

भाची : कंपनीच्या फाईलमध्ये लिहिलंय, प्रेस सुरू होण्याआधी किरण बघ, आणि खाली येईपर्यंत बघत राहा. तुटला की थांब. आपल्या फाईलमध्ये लिहिलंय, प्रेस सुरू झाली की पहिले दोन सेकंद किरणाकडे बघू नको.

वेल्डर : ही प्रेस खाली यायला किती वेळ लागतो, माहितीये तुला?

भाची : दीड सेकंद.

वेल्डर : म्हणजे पडदा नुसता शोभेला. दिवे लागलेले, हिरवेगार, आणि आत कुणी बघतच नाही. आणि तो बिचारा दिवे बघून आत वाकला. दुसरा फरक काय?

भाची : अगदी शेवटी एक ओळ जास्त आहे. तिला काही अर्थ नाही, नुसती कशीही अक्षरं. मशीन तिच्याकडे बघतसुद्धा नाही.

वेल्डर : मग घातली कशाला?

भाची : ती...

वेल्डर : बोल.

भाची : पहिली चार आणि शेवटची चार जुळावीत म्हणून. असं योगायोगानं होत नाही, दादा. चारशे कोटींत एकदा होईल. पण शेवटी काहीबाही अक्षरं घालायची, ठसा काढायचा, नाही जुळला तर अक्षरं बदलायची, परत काढायचा. कॉम्प्युटरला सांगून ठेवलं की तो करत बसतो. दिवसभरात एखादी ओळ सापडते, जिनं दोन्ही टोकं जुळतात. मधलं काही केल्या जुळणार नाही, कुणाच्या बापाला जुळवता येणार नाही. पण टोकं जुळतात.

वेल्डर : टोकंच का जुळवली? ज्यानं केलं त्याला भीती नाही वाटली, मधलं कुणी बघेल म्हणून?

भाची : थांबा, ती पट्टी परत बघू द्या.

वेल्डर : ताई, मी काहीतरी विचारलंय.

मामा : तिला कशाला धमकावतोस? तिला काय माहीत असणार? बेटा, तू काही बोलू नकोस. तुझी सही आहे त्यावर, तू नाहक अडकशील. गप्प बस तू. माझं ऐक.

वेल्डर : बघ, कसा बोलायला लागला. कुणाला माहीत होतं, तू मधलं बघत नाहीस ते?

भाची : सांगते.

मामा : बेटा!

भाची : सांगते, दादा, शपथेवर सांगते. पण आधी मला खरी फाईल मशीनवर चढवू द्या. धाकट्याला जी मिळायला हवी होती, ती. आणि तिचा ठसा तुम्ही माझ्याबरोबर वाचा, चौसष्टच्या चौसष्ट. मी एकटीनं वाचलेलं आता माझं मलाच पटणार नाही.

वेल्डर : त्यानं काय होणार आहे?

भाची : मला माहीत नाही. पण ही खोटी फाईल आत असताना मी नाव घेणार नाही. माझे पण दात पाडा, तरी नाही घेणार.

वेल्डर : चढव.

भाची : मूळ पॅकेज, यादीसकट. फाईल सतरा. चढतेय. झाली. या इकडे. नाही, पाय पेडलपाशीच ठेवा हवं तर, यादी तिथं धरा. मी पॅनलवरचं वाचते, तुम्ही यादीत बघा आणि खडूनं खूण करा. नऊ.

वेल्डर : नऊ.

भाची : सी. चार. ई.

वेल्डर : सी. चार. ई. पुढं खरं ते.

भाची : एफ.

वेल्डर : एफ.

भाची : आठ. शून्य. शून्य. डी.

वेल्डर : सावकाश. आठ. शून्य. परत शून्य. डी, हो.

मामा : हात बधिर झालेत रे. करंगळी... पाणी तरी दे घोटभर.

वेल्डर : माझा भाऊ पण मागत असेल पाणी. तू तेव्हा चावी शोधत होतास. वाच गं.

भाची : सहा. एक. बी. बी. पाच.

वेल्डर : बी दोनदा?

भाची : दोनदा.

वेल्डर : आहे. पाच. वाच.

भाची : ...आणि हे शेवटचे. सात. शून्य. बी. एक.

वेल्डर : एक. चौसष्ट खुणा झाल्या. मोजल्या मी.

भाची : सगळी जुळली?

वेल्डर : सगळी. एवढा वेळ लागतो होय याला? मोजून सहा मिनिटं.

भाची : हो. सहा मिनिटं. मी तेवढीही दिली नाहीत.

वेल्डर : आता नाव.

भाची : या फायलींचं काम फक्त मामांना आणि मला येतं, शॉपमध्ये बाकीच्यांना ठसा म्हणजे काय तेही माहीत नाही. ही पट्टी माझ्या ड्रॉवरमध्ये असते. कंपनीच्या माणसांनी ती कधी पाहिलीच नाही. मी कामाला लागले त्या पहिल्या दिवशी माझे डोळे दुखायला लागले, तर मामांनी बुटाच्या खोक्याचं झाकण कापून मला ती बनवून दिली. म्हणाले, पहिले चार, शेवटचे चार, मधलं कोण बघतंय? मी तर त्यावर फुलं काढली होती पेनानं. ही बघा, अजून आहेत. मामा, ती फाईल तुम्ही केलीत. माझ्या सहीसाठी केलीत. माझ्या पट्टीच्या मापानं बेतलीत.

मामा : नाही गं... असं कसं तू... तुझा मामा मी...

भाची : माझ्याकडे बघून सांगा.

मामा : पाणी... घोटभर पाणी दे गं आधी.

वेल्डर : झालं. बाजूला हो, ताई. तिकडं तोंड करून उभी राहा, बघू नकोस.

भाची : नाही.

वेल्डर : बाजूला हो म्हणतोय ना! हे काय करतेयस? हात काढ! हात बाहेर काढ!

भाची : काढणार नाही. त्यांच्या हातांशेजारी माझाही हात राहू दे. सही माझी आहे. यांनी फसवलं, पण सहा मिनिटं वाचवायला मी तयारच होते. दाबा. मी चौसष्ट अक्षरं तुमच्याबरोबर वाचलीत. किरण तुटलाय, आत खरी फाईल आहे. ही प्रेस हलणार नाही.

वेल्डर : आणि हलली तर?

भाची : तर माझा हात गेला. दाबा तुम्ही.

वेल्डर : मग दाबतोच. तुझी मर्जी.

मामा : थांब! थांब, अरे थांब, दाबू नको! बेटा हात काढ! पडदा बंद आहे! चावी फिरवलेली आहे, पडदा बंद आहे, फाईल कुठलीही असो, प्रेस खाली येईल! हात काढ तिचा, तिचा हात काढ रे!

वेल्डर : कुणी फिरवली?

मामा : मी.

वेल्डर : कधी?

मामा : तो... तू त्याला कापून काढत होतास तेव्हा. मागच्या बाजूनं. सगळे तुझ्याकडे बघत होते.

भाची : मला वाटलं चौकशी झाल्यावर परत सरळ केली असेल. मामा, म्हणजे मी आत्ता...

मामा : चौकशीवाले म्हणाले, जसं आहे तसं ठेवा. तशीच आहे. चावी त्यांनी बघून मलाच परत दिली, माझ्या शर्टाच्या खिशात आहे. घे. घे आधी. तुझा हात काढ गं बाई, माझे जाऊ देत, माझे जाऊ देत.

वेल्डर : चावी खिशात घेऊन फिरतोयस? महिनाभर? त्याच्या तेराव्याला... त्याच्या घरी आलास ना तू? त्याच्या पोरीला मांडीवर घेतलंस तेव्हा ही खिशात होती?

मामा : शिफ्टला चाळीसदा थांबायची रे ही प्रेस. पत्र्याचा कीस उडाला तरी किरण तुटायचा. वरून रोज शिव्या. लाइन बंद करू म्हणायचे, तुम्हा सगळ्यांना घरी बसवू म्हणायचे. मला वाटलं, दोन सेकंदांनी काय होतंय? कुणी मरावं म्हणून नाही केलं. देवाशपथ. आणि मग तो गेल्यावर... मी घाबरलो. हिची सही होती. हिच्यावर येईल म्हणून...

भाची : माझ्यासाठी केलं म्हणू नका. ते एक म्हणू नका, मामा, मी हातोडी उचलीन.

वेल्डर : सरक तू. डोकंच फोडतो याचं, प्रेसची गरजच नाही.

भाची : फोडा. पण मग वहिनींच्या हातात तो कागद तसाच राहील. निष्काळजीपणा. मेलेला माणूस चौकशीत बोलत नाही, दादा. ना तुमचा भाऊ बोलला, ना हे बोलतील. यांना बोलायला जिवंत ठेवा. तेवढ्यासाठीच ठेवा.

वेल्डर : तेवढ्यासाठीच.

भाची : हातोडी खाली ठेवा. मी चावी फिरवतेय. बघा, पडदा चालू. आता परत माझा हात आत. आता दाबा.

वेल्डर : काय गरज आहे आता?

भाची : तुम्हाला बघायचंय. मला माहितीये.

(पेडलचा आवाज. लगेच भोंगा वाजतो.)

वेल्डर : हलली नाही.

भाची : नाही.

वेल्डर : लाल दिवा लागला.

भाची : हो.

वेल्डर : परत दाबतो.

भाची : दाबा.

वेल्डर : परत.

मामा : बस कर रे, बस कर आता...

वेल्डर : तू गप. तुझ्यासाठी नाही दाबत मी. सात झाले. सातही वेळा जागची हलली नाही. ताई, त्या दिवशी असंच झालं असतं?

भाची : असंच. भोंगा वाजला असता.

वेल्डर : दचकून मागं आला असता. दोन शिव्या दिल्या असत्या मशीनला. मग माझ्याकडे येऊन म्हणाला असता, ही बया आज जेवूही देत नाही. आणि डबा उघडून बसला असता, माझ्यातलं अर्धं खात.

भाची : बसा तुम्ही. खाली बसा. रडा, कुणी बघत नाहीये. मी लिहून घेते तोवर.

वेल्डर : काय लिहितेस?

भाची : एप्रिलचं पान. 'जुळले' खोडलं. खाली लिहिलं, सतरा नंबरची फाईल जुळत नाही, कुठल्याही पॅकेजमधली नाही. दोन्ही ठसे पूर्ण उतरवतेय. तारीख, सही. ही पट्टी पानाला टाचली. मामा, आता तुम्ही सांगा, चावी कधी फिरवली, कुणासमोर. तुमच्या शब्दांत. सही हात सुटल्यावर करा.

मामा : तुझी नोकरी जाईल गं.

भाची : जाईल. सांगा.

वेल्डर : पोलिसांना काय सांगणार? मी याचे दात पाडले, बोट मोडलं, तुला कोंडलं.

भाची : जे झालं ते सगळं. मधलं काही गाळणार नाही.

वेल्डर : नकोच गाळूस. ते ग्राइंडर दे इकडं. गॅसनं नको, गॅसनं पट्टा तापेल.

मामा : अरे, हळू... मनगटाला लागेल...

वेल्डर : तू हलू नकोस. ताई, ते फडकं काढून परत भिजव. वाळलंय.